पायलटच्या मेडिकलमध्ये 'मानसिक उपचार घेतले आहेत का?' या रकान्यात खरं लिहावं की नको?

मलप्रभा_काठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातून लिहितेय. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्सला मार्क चांगले पडले. सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, बाजूला शिकाऊ विमानं घिरट्या घालायला लागल्यापासून याच्या डोक्यात पायलट होण्याशिवाय दुसरं काही नाही. आम्ही कर्ज काढायला तयार आहोत. पण एका रकान्यापाशी घर अडून बसलंय.

बारावीच्या वर्षी जुलैत त्याचा जिवाभावाचा मित्र नदीत वाहून गेला. दोघं रोज एकाच बसने बेळगावला कॉलेजला जायचे. त्यानंतर हा त्या बसला बसेना. जेवण तुटलं. रात्री दोन वाजता उठून परसात जाऊन उभा राहायचा, अंगणातला दिवा लावला की 'लावू नकोस' म्हणायचा. बेळगावच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. आठ महिने एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची गोळी आणि दर पंधरा दिवसांनी बोलणं. पुढे डॉक्टरांनीच गोळी हळूहळू कमी करत बंद केली. त्याला आता सव्वा वर्ष होईल. पोरगा नीट आहे, हसतो-खेळतो, झोपतो.

आता क्लास-टू मेडिकलच्या, म्हणजे पायलट व्हायला लागणाऱ्या पहिल्या वैद्यकीय तपासणीच्या, अर्जात पूर्वीचे आजार विचारलेत, त्यात हेही आहे. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "असल्या रकान्यात 'नाही' लिहायचं असतं. भरतीला कोण खरं सांगतो?" मुलगा म्हणतो, खोटं लिहून मला विमानात बसायचं नाही. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप येत नाही. माहितगारांनी सांगा.

चोर्ला_घाट

'नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा अक्का. गोळी बंद आहे ना? मग कोण बघायला येतंय?

निपाणीकर

सुभेदारसाहेबांचं चूक म्हणवत नाही. आपल्या या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत. लहानपणापासून हेच ऐकत आलो, डॉक्टरने विचारलं की "नाही साहेब, काही नाही साहेब". माझ्या चुलतभावाचा हात लहानपणी मोडलेला, भरतीच्या वेळी आजीने देवाला नारळ बोलला आणि त्याला सांगितलं, तोंड उघडू नकोस. तो निवडला गेला, सतरा वर्षं नोकरी करून आला. त्यामुळे आपल्याकडे मेडिकल म्हणजे एकदा कसंबसं पार करायचं दार, अशी समजूत पक्की आहे. पायलटचं तसंच असतं का, हे मात्र मलाही जाणून घ्यायचंय.

उजवी_सीट

मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. निपाणीकरांनी नेमकी जागा दाखवली म्हणून सविस्तर लिहितो.

फौजेच्या भरतीचं मेडिकल मुख्यतः एकदा होतं. पायलटचं क्लास-वन, म्हणजे नोकरीच्या परवान्याला लागणारं मेडिकल, दर वर्षी होतं, वय वाढलं की काहींना दर सहा महिन्यांनी. म्हणजे आज 'नाही' लिहिलं तर ते दर वर्षी लिहावं लागणार, पुढची तीस-पस्तीस वर्षं. प्रत्येक वेळी सही आपली. आणि माहिती दडवल्याचं कधीही उघड झालं तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्या दिवशी आजाराचा प्रश्न मागे पडतो आणि खोट्या सहीचा उभा राहतो. आजारातून माणूस बाहेर येतो, खोट्या सहीतून बाहेर यायचा रस्ता फार अरुंद असतो.

आता क्रम नीट लक्षात घ्या. आधी क्लास-टू. ते डीजीसीएच्या (पायलटांना परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या) यादीवरचे डॉक्टर करतात: ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, रक्त-लघवी आणि जुन्या आजारांची विचारणा. कमर्शियल परवान्याला क्लास-वन लागतं, ते पहिल्यांदा हवाई दलाच्या केंद्रात, म्हणजे आपल्याला सोयीचं बेंगळूरचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, किंवा मान्यता दिलेल्या दुसऱ्या केंद्रात होतं. क्लास-वन हातात आल्याशिवाय फ्लाइंग स्कूलची फी भरू नका. माझ्या बॅचच्या एकाने आधी पैसे भरले आणि मग डोळ्यांत अडकला. घरावरचं कर्ज अजून फेडतोय.

फेब्रुवारी २०२३ मध्ये डीजीसीएने मानसिक आरोग्याबद्दल परिपत्रक काढलं. तेव्हापासून मेडिकलमध्येच मनाची झटपट तपासणी आहे, नोकरीत घेण्याआधी मानसशास्त्रीय चाचणी आहे, आणि कंपन्यांनी व प्रशिक्षण संस्थांनी पायलटांसाठी 'पीअर सपोर्ट' ठेवावा असं सांगितलंय. पीअर सपोर्ट म्हणजे आपल्यातल्याच एका शिकवलेल्या पायलटपाशी मन मोकळं करायची सोय. त्यामुळे "कोण बघायला येतंय" हे चोर्लाभाऊंचं म्हणणं जुन्या काळाचं झालं.

चोर्ला_घाट

बरं झालं सांगितलात. पण खरं लिहिलं आणि पोराला बाद केलं तर? ते दुःख कोण भरून देणार? अक्कांचा पोरगा आहे म्हणून सांगायलोय, रागावू नका.

हिंदवाडी_७

मी थोडं वेगळं बोलणार आहे. २४ मार्च २०१५ ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान को-पायलटने कॅप्टनला कॉकपिटबाहेर ठेवून आल्प्सवर नेऊन आदळलं. १५० माणसं गेली. त्यालाही नैराश्याचा इतिहास होता. माझी मुलगी दर महिन्याला विमानाने जाते. ज्याला एकदा असं होऊन गेलंय त्याला मुळात का बसवायचं? दुसरी कामं काय कमी आहेत? बहिणीला दुखवायचा हेतू नाही.

मलप्रभा_काठ

दुखलं, पण तुमचा प्रश्न मलाही रात्री पडतो. म्हणूनच विचारलं.

शहापूर_डॉक्टरीण

मी मानसोपचार तज्ज्ञ आहे. हिंदवाडी_७ यांची काळजी खरी आहे, पण त्या अपघाताचा अहवाल नीट वाचला तर निष्कर्ष उलटा निघतो. त्या को-पायलटला शिकाऊ असताना नैराश्य आलं होतं, ते कळवलेलं होतं आणि त्याच्या मेडिकलवर तशी नोंदही होती. त्यावर तो कित्येक वर्षं उडला. घात झाला तो नंतरच्या आजाराने, जो त्याने दडवला. शेवटच्या महिन्यांत तो बऱ्याच डॉक्टरांकडे गेला, एकाने मनोरुग्णालयात दाखल व्हायचा सल्ला दिला, कामावर जाऊ नये अशी चिठ्ठी दिली, आणि ती कंपनीपर्यंत पोहोचलीच नाही. परवाना गेला तर उत्पन्न जाईल ही भीती फ्रान्सच्या तपास पथकाने कारणांमध्ये स्पष्ट मांडली आहे. त्यानंतर युरोपने नियम केले, नोकरीआधी मानसशास्त्रीय मूल्यांकन आणि पीअर सपोर्ट सक्तीचे झाले.

एकदा नैराश्य आलेला प्रत्येक जण बाद करायचा म्हटलं तर काय होईल? २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी पायलटांची निनावी पाहणी छापली. उत्तर देणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जण नैराश्याच्या निकषात बसत होते. हे लोक आजही उडतायत. प्रश्न इतकाच की ते उपचार घेऊन उडतायत की लपवून.

आता मुलाबद्दल. मूल्यांकन करणारा डॉक्टर 'झालं होतं का' एवढ्यावर थांबत नाही. एकदाच झालं की पुन्हा पुन्हा? कशामुळे झालं? जिवाला धोका केला होता का? दाखल करावं लागलं का? भ्रम, आवाज ऐकू येणं, अति उत्साहाचे झटके होते का? घरात कुणाला आहे का? गोळी कुणी बंद केली, डॉक्टरने की स्वतः? त्यानंतर किती काळ बरा आहे? सतरा वर्षांच्या मुलाचा मित्र डोळ्यांदेखत जगातून गेला, तो मोडला, मदत घेतली, सावरला, हा एक प्रकार. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर हा पूर्ण वेगळा. दोन्ही एकाच रकान्यात बसतात म्हणून घाबरू नका, रकान्यामागे माणूस बसलेला असतो.

निकाल माझ्या हातात नाही, खोटी आशा देणार नाही. 'तात्पुरता अपात्र' असा शेराही येऊ शकतो, म्हणजे काही काळाने पुन्हा तपासणी. कायमचा अपात्र ठरवला तरी फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो.

उजवी_सीट

डॉक्टरांच्या लिहिण्याला जोड. अमेरिकेत २०१० पासून नैराश्याच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतानाही देखरेखीखाली उडू देतात, त्यात एस्सिटॅलोप्राम आहे. ऑस्ट्रेलियात तर त्याच्या कितीतरी आधीपासून परवानगी आहे, आणि तिथल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या पायलटांच्या अपघातांत लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याकडे नियम जास्त कडक आहेत. आंतरराष्ट्रीय नियमावलीचा सूरही असा की औषध चालू असेल तर अपात्र, पण सगळे तपशील पाहून वैद्यकीय अधिकाऱ्याची खात्री पटली तर विचार होऊ शकतो. अक्का, तुमच्या मुलाचं औषध तर बंदच आहे.

गोकाकचा_करदंट

विषय निघालाच आहे तर विचारतो. ते तोंडाने फुंकायचं यंत्र असतं म्हणे. आमच्या गल्लीतला एक जण फ्लाइंग स्कूलला आहे, शनिवारी गोव्याला जातो आणि सोमवारी विमान चालवतो. चालतं का?

उजवी_सीट

ब्रेथ अॅनालायझर, आम्ही त्याला नुसतं 'बीए' म्हणतो. आकडा शून्य यायला हवा, दशांशातसुद्धा काही नको. उड्डाणाच्या आधीचे बारा तास दारू वर्ज्य. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. फ्लाइंग स्कूलच्या मुलांनाही नियम लागू आहे.

बारा तास हे किमान आहे, हमी नाही. शरीर दारू आपल्या चालीने काढतं, लिंबूपाणी प्यायल्याने किंवा चोर्ला घाटातला गार वारा खाल्ल्याने ती चाल वाढत नाही. रात्री भरपूर ढोसली तर बारा तासांनंतरही यंत्र आकडा दाखवू शकतं. त्या मुलाला मोठ्या भावासारखं सांगा, ज्या आठवड्यात उडायचंय त्या आठवड्यात गोवा नको.

वडगाव_हातमाग

आमच्या घरात द्राक्षासव, दशमूलारिष्टाच्या बाटल्या कायम असतात. आई पोराला रोज जेवणानंतर दोन चमचे द्यायची, भूक लागावी म्हणून. त्यातही असतं ना?

निवृत्त_सार्जंट

असतं. हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो, शेवटची काही वर्षं सांबऱ्याला होतो. आसव-अरिष्ट आंबवूनच होतात, त्यात स्वतःचं अल्कोहोल तयार होतं. होमिओपॅथीचे थेंबही बहुतेक अल्कोहोलमध्ये असतात. माउथवॉशबद्दल तर डीजीसीएने २०२३ मध्ये नियमातच लिहिलं, अल्कोहोल असलेलं औषध, माउथवॉश, दात घासायची जेल वापरायची नाही. औषध घ्यायचंच असेल तर आधी कंपनीच्या डॉक्टरला विचारायचं.

दारूखेरीज दुसरी तपासणीही आहे. ३१ जानेवारी २०२२ पासून पायलट आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातले दर वर्षी किमान दहा टक्के लोक अचानक निवडून लघवी तपासतात. गांजा, कोकेन, अफूवर्गीय, अॅम्फेटामिन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन. शेवटचं नाव आया-बहिणींनी लक्षात ठेवा, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या त्यात येतात. कोडीनचं खोकल्याचं औषध अफूच्या रकान्यात येतं. शिवरात्रीची भांग कायद्यात गांजापेक्षा वेगळी धरली तरी लघवीत दोन्ही एकच दिसतात, आणि रोजच्या सवयीच्या माणसात कितीतरी दिवस दिसत राहतात. पहिल्यांदा सापडला तर व्यसनमुक्तीला पाठवतात आणि नीट झाल्याचं दिसलं की परत घेतात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून दारू सुटलेल्या पायलटांना देखरेखीखाली परत कॉकपिटमध्ये आणतात, ती वाट शहाणपणाची आहे असं मी नोकरीत पाहिलेल्या माणसांवरून म्हणतो.

सुभेदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा वहिनी. आम्हीही भरतीच्या रांगेत गप्प बसायला शिकलेली माणसं. पण सिक-रिपोर्टवर, म्हणजे आजारी जवान येऊन तक्रार सांगतात तिथे, मी रोज बसायचो. जो जवान येऊन "साहेब, झोप लागत नाही" म्हणायचा, त्याची आम्हाला काळजी वाटायची, भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती न येणाऱ्याची.

नाव_नको

मी इथे फक्त वाचतो, आज लिहितोय. चिकोडी भागातला आहे, शिकायला दुसऱ्या राज्यात होतो. मी 'नाही' लिहिलं होतं.

मलाही गोळी चालू होती. मेडिकल जवळ आलं की मी ती स्वतः बंद करायचो आणि झालं की परत सुरू. कुणाला विचारणार? डॉक्टरला सांगितलं तर कागद तयार होतो. एकदम बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. चक्कर नव्हे, क्षणभर सगळं तुटून परत जोडल्यासारखं. मी हे होत असताना इन्स्ट्रक्टरबरोबर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती सरावाचे फेरे, मारलेत. सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडायच्या, सकाळी बाहेरून विमान तपासत होतो, इंधनाचा नमुना उन्हात धरून पाहत होतो आणि हात इतका थरथरला की ते पेट्रोल मनगटावरून बाहीत गेलं. मी तिथेच थांबलो. इन्स्ट्रक्टरला सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, छत्रीखाली बाकावर शेजारी बसून राहिले.

पुढे मी उडणं सोडलं. आता एअरपोर्टवर ग्राउंडची नोकरी करतो, उपचार चालू आहेत, बरा आहे. खरं लिहिलं असतं तर कदाचित एक वर्ष गेलं असतं. काकू, तुमचा मुलगा जे म्हणतोय ते मला त्या वयात म्हणता आलं नाही.

हिंदवाडी_७

नाव_नको, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी वर जे लिहिलं त्यातलं "मुळात का बसवायचं" मागे घेतो. माझ्या मुलीच्या विमानात तुमच्या त्या सकाळसारखं थांबणारा माणूस असावा असं वाटतं.

चोर्ला_घाट

माझा पहिला रिप्लाय पण रद्द समजा बगा.

येळ्ळूरची_मास्तरीण

एक वेगळीच अडचण सांगते, आपल्या भागातली. माझ्या भाच्याला परीक्षेच्या भीतीने धडधड व्हायची, दुसऱ्या एका कारणासाठी त्याचं मूल्यांकन झालं. डॉक्टर कन्नड-इंग्रजी बोलणारे, पोरगा मराठी माध्यमाचा. विचारलं, डिप्रेशन आहे का? हा म्हणाला, टेन्शन आहे. मग म्हणाला, बोअर होतं. घरी आम्हाला सांगताना तोच पोरगा म्हणाला होता, "मावशी, जीव कशात लागत नाही, उकळ्यासारखं होतं आत." यातलं तिथे काहीच पोहोचलं नाही. आपल्याकडे 'कंटाळा' म्हटलं तर आळस वाटतो आणि 'डिप्रेशन' म्हटलं तर वेडाचा शिक्का. बेंगळूरला जाण्याआधी मुलाने आपली गोष्ट हिंदी-इंग्रजीत सांगायचा सराव करावा. पाठ करून नव्हे. झोप, भूक, अभ्यास, मित्र, काय बंद झालं होतं आणि काय परत सुरू झालं, एवढं साधं सांगता यायला हवं.

शहापूर_डॉक्टरीण

मास्तरीणबाई, अगदी शंभर टक्के. माझ्याकडे खेड्यातले पेशंट 'छातीत भरून येतंय' म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरकडून फिरून येतात. मलप्रभाताई, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत सविस्तर सारांश घ्या: निदान, कारण, औषधाचं नाव आणि डोस, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, शेवटच्या भेटीतली अवस्था. मुलगा सज्ञान आहे, त्यानेच मागावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे आणि गोपनीयतेचाही. आणि या काळात ताण वाटला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तुम्हीसुद्धा करू शकता.

तानाजी_गल्ली

किती दिवसांनी एवढा चांगला धागा वाचला. कळवा ताई काय झालं ते.

मलप्रभा_काठ

*(पाच आठवड्यांनी)*

कळवते. उशीर झाला, माफ करा.

नाव_नको यांची पोस्ट मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "एकाहत्तरच्या लढाईनंतर आमच्या कंपनीतला एक जण रात्री उठून बसायचा. आम्ही त्याला हसायचो." मग बराच वेळ कपाकडे बघत बसले. अर्जात 'होय' लिहिताना मुलाच्या शेजारी तेच होते.

डॉक्टरांकडून सारांश मुलाने स्वतः आणला. मी गाडीने सोडते म्हटलं होतं, नको म्हणाला, बसने गेला. त्याच बसने.

क्लास-टूच्या डॉक्टरांनी सारांश नीट वाचला, अर्धा तास बोलले. निकाल लगेच दिला नाही. मानसोपचार तज्ज्ञांचं नव्याने मूल्यांकन करून अहवाल द्यायला सांगितलंय, म्हणून पुढच्या सोमवारी बेंगळूरला जायचंय. तिकिटं राणी चन्नम्मा एक्सप्रेसची काढलीत. काय होईल माहीत नाही. फी अजून भरलेली नाही, उजवी_सीट भाऊंनी सांगितलं तसंच. मी परवापासून झोपतेय.

सोबत काय न्यायचं ते कुणी सांगाल का?

निवृत्त_सार्जंट

मूळ सारांश आणि दोन झेरॉक्स. औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून. आधार, दहावी-बारावीची मार्कलिस्ट, फोटो. चष्मा असेल तर तो. रात्री गाडीत हलकं खा, सकाळी रक्त घेतील तर उपाशीपोटी लागतं, म्हणून खाण्याचा डबा बरोबर ठेवा आणि रक्त दिल्यावरच उघडा. सर्दीची गोळी घेऊ देऊ नका, झालीच सर्दी तर तिथे सांगा. बेंगळूरला मराठी बोलणारं कुणी लागलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, माझा जुना सहकारी तिथेच राहतो, स्टेशनवर येईल.

उजवी_सीट

मी सोमवारी बेंगळूरला मुक्कामी आहे. संध्याकाळी पाचनंतर मोकळा. मुलाला हवं असेल तर भेटतो.